सोळा हात पूर्वेला

आंबेखोलजवळचा तळ, तालुका कल्याण
ता. १२ फेब्रुवारी १८८०

दाजी यांस,

अक्षरावरून ओळखाल. चार वर्षांत मी पत्र घातले नाही, त्याचे कारण तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही मला पाचवीतून काढून मिठागरावर उभे केलेत आणि मी न विचारता कोपरी सोडली. जाताना ओट्यावरून जे बोललो ते बायजाताईने घरातून ऐकले असणार. ते पुन्हा बोलणार नाही, एवढेच आज लिहितो.

मी आता मुंबईस एका साहेबांच्या हाताखाली नकाशे काढतो. काम जुन्या इमारतींचे आहे. गेला महिनाभर आमचा तळ कल्याणपासून तीन कोसांवर, ओढ्याकाठच्या एका पडक्या देवळापाशी आहे. लोक त्याला पांडवांचे देऊळ म्हणतात. पांडवांनी एका रात्रीत बांधले आणि कोंबडा आरवला म्हणून शिखर राहून गेले, असे सांगतात. शिखर बांधायचे राहिलेले नाही, बांधलेले पडले आहे. त्याचे एकशे चार तुकडे मी मोजून नकाशावर घातले.

तुम्ही म्हणायचात की माझ्या नजरेला दोष काढण्याचीच सवय आहे. येथे त्या सवयीचा उपयोग होतो. मंडपाच्या भिंतीवर चामुंडा आहे. तिच्या फासळ्या मोजता येतात आणि पोटाच्या खळग्यात विंचू आहे. शेजारी भैरव. त्याच्या हातातले तोडलेले मुंडके हनुवटीपासून केसांपर्यंत तीन इंच. खालच्या पट्टीत माणसे माणसांना कापत आहेत आणि हत्ती त्यांच्यावरून चालत आहेत. पहिल्या दिवशी मला तेथे जेवण गेले नाही. आता मी त्या पट्टीलाच टेकून भाकरी खातो.

ओढ्याच्या बाजूला एक लेखाचा दगड होता. वर सूर्यचंद्र, मध्ये अक्षरे, खाली गाढव आणि बाई. तिथे काय कोरले आहे ते लिहीत नाही, ताई ऐकेल. दगड अर्धा गाडलेला आणि करवंदीच्या जाळीत, दिवसभर सावलीत. लेखाचा ठसा घ्यायचा तर ओला कागद अक्षरांवर ठोकून बसवतात आणि उन्हात वाळला की सोलून घेतात. सावलीत कागद वाळेना, दोनदा फाटला. म्हणून मी घाटावरचे दोन वडार गाठले, पहारी लावून दगड उपटवला आणि ओंडक्यांवरून सोळा हात पूर्वेला, देवळाच्या अंगणात आणून उभा केला. दोरीने मोजले, बरोबर सोळा. ठसा असा आला आहे की साहेब बघत राहतील. कशालाही हात लावू नका असे त्यांनी बजावले होते. पण ते ठाण्यास गेले आहेत आणि ठसा चांगला आल्यावर कोण विचारतो?

मी कोठे आहे ते ताईला कळावे म्हणून लिहिले.

राघो

•

आंबेखोलजवळचा तळ
ता. ११ मार्च १८८०

दाजी यांस,

तुमचे उत्तर काल मिळाले. टपाल उशिरा आले. गाढवाचा दगड हद्दीचा असतो, हद्द मोडील त्याच्या आईला त्यावर गाढवाची शिवी कोरलेली असते, त्याला हात लावू नको, लावला असशील तर होता तेथे नेऊन पुर, असे तुम्ही लिहिले आहे. काल मिळाल्यावर त्याचा उपयोग नव्हता. परवा शिवरात्रीला येथे जे झाले ते कोपरीपर्यंत आले असेल. ते लोकांच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावे.

या देवळाच्या पश्चिमेला आंबेखोल आणि पूर्वेला करंजखोल, अशी दोन गावे आहेत. मध्ये देवळाचे कुंड आहे. उन्हाळ्यात ओढा आटतो, तेव्हा दोन कोसांत पाणी फक्त त्या कुंडात असते. कुंड करंजखोलचे असे करंजखोलवाले म्हणतात. दगड कुंडाच्या पश्चिमेला होता, म्हणून कुंड पूर्वेकडच्यांचे. आता दगड कुंडाच्या पूर्वेला उभा आहे. एरवी येथे कोणी फिरकत नाही, चामुंडेची नजर लागते म्हणतात. फक्त शिवरात्रीला येतात.

करंजखोलची पालखी सकाळी आली. पुढे काळुराम नावाचा माणूस होता, चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, डोक्यावर पहिल्या पाण्याची घागर घेण्याचा मान त्याच्या घराण्याचा. त्याने दगड पाहिला आणि थांबला. आंबेखोलवाले कुंडाच्या पायऱ्यांवर आधीच बसले होते.

काळुराम म्हणाला, "यो दगड हितं कोनी आनला?"

पायऱ्यांवरून कोणीतरी हसले. "आपल्या पायानं चालत आला. गाढवच त्यो!"

"कुंड गिळाया बसलाव काय रे? पान्यापायी आयेला गाढवाखाली घालताव?"

त्यावर पायऱ्यांवरून एक दगड आला आणि पालखीच्या भोयाच्या कपाळावर लागला. पालखी एका बाजूला कलंडली, मुखवटा खाली पडला. मग कोण कोणास मारत होते ते सांगता येणार नाही. मी मंडपाच्या दुसऱ्या खांबामागे होतो. काठ्या होत्या, गवत कापायचे कोयते होते, देवळाचे कोरीव तुकडे होते. एका म्हाताऱ्याला दोघांनी धरले आणि तिसऱ्याने त्याचे तोंड कुंडाच्या काठावर आपटले, दातांचा आवाज मला ऐकू आला. एका पोराच्या हाताची बोटे लोंबत होती आणि तो ती दुसऱ्या हाताने धरून पळत होता. मी नंबर घातलेले तुकडे लोक उचलून एकमेकांवर फेकत होते.

गोविंदा नावाचा आंबेखोलचा माणूस मध्ये शिरला. त्याची बहीण शकू काळुरामाला दिलेली आहे, म्हणजे काळुराम त्याचा दाजी. तो हात जोडून ओरडत होता, "दाजी, आमी नाय हलवला! आयेची आन! त्या दगडाला कोन हात लावील?" काळुरामाने कोयता उजवीकडून घातला, तोंडावर. गोविंदा खाली बसला. काळुरामाने आणखी दोन वेळा घातला, मानेवर. तो पडला ती जागा माझ्या खांबापासून सात हात. रक्त फरशीच्या सांध्यांतून माझ्याकडे येत होते तरी मला पाय उचलता आला नाही.

सहा जखमी, एक मेला. फौजदार आला आहे. दगड हलवला होता असे करंजखोलचे लोक म्हणतात, आंबेखोलचे म्हणतात की तो पहिल्यापासून तेथेच आहे.

माझे पत्र ताईला वाचून दाखवले असेल तर ठीक. इतर कोणाला दाखवू नका.

राघो

•

कल्याण
ता. २६ मार्च १८८०

दाजी यांस,

हे पत्र एकट्याने वाचा.

मामलेदारांपुढे माझी साक्ष झाली. मी माझ्या मनाने गेलो नाही, नकाशामुळे बोलावले. तो नकाशा माझा आहे, दगड त्यात कुंडाच्या पूर्वेला काढलेला आहे. मी काढला तेव्हा तो तेथेच उभा होता, म्हणजे नकाशा खोटा नाही. दगड मूळचा कोठे होता ते मी निराळ्या कागदावर मापासह टिपले होते. साहेबांना कळू नये म्हणून तो कागद मी आधीच चुलीत घातला होता. वडारांनाही दगड परत न्यायला सांगणार होतो, पण ते घाटावर निघून गेले आणि ते धूड मला एकट्याने हलेना.

साक्षीच्या आदल्या दिवशी आमचे हेडकारकून हरिहरपंत म्हणाले, "राघो, तुला विचारतील दगड कुठे आहे, तर नकाशावर बोट ठेव. नकाशात आहे ते खरे. ज्यास्ती बोललास तर साहेबांचे नाव जाईल, तुझी नोकरी जाईल आणि दोन्ही गावं मिळून तुला त्याच दगडाखाली पुरतील."

"पण पंत, त्या माणसाचं काय?"

"त्यानं मारलं की नाही मारलं?"

"मारलं."

"मग झालं तर!"

मी नकाशावर बोट ठेवले. मामलेदारांनी विचारले, तुम्ही आलात तेव्हा दगड येथेच होता? मी हो म्हटले. आंबेखोलच्या चौघांनी माझ्यामागून तेच सांगितले. त्यांना कुंड मिळत आहे. काळुराम कठड्यात उभा होता. तो माझ्याकडे नाही, नकाशाकडे पाहत होता. त्याला वाचता येत नाही, पण कुंड कोणते आणि दगड कोणता हे त्याला कळले असावे, कारण त्याने एकदा मान हलवली.

आता असे ठरले की दगड जागचा हललाच नाही. करंजखोलवाले दुसऱ्याचे कुंड बळकावायला कोयते घेऊन आले आणि काळुरामाने ठरवून खून केला. खटला ठाण्याच्या सेशन कोर्टात गेला आहे. तेथे फाशीच, असे पंत म्हणतात.

दाजी, माझे १२ फेब्रुवारीचे पत्र जाळा. त्यात सर्व लिहिलेले आहे. चार वर्षांत मी तुमच्यापाशी काही मागितले नाही. हे एवढे करा आणि केल्याचे दोन ओळींत कळवा.

राघो

•

कल्याण
ता. ९ एप्रिल १८८०

दाजी,

"जाळले", एवढ्या एका शब्दाचे तुमचे पत्र पोचले. त्याच दिवशी दुपारी शकू कचेरीच्या ओट्यावर आली.

बाई पंचविशीची असेल. केस बांधलेले नव्हते. तिने सर्वांदेखत विचारले, "नकाशावाला राघो कोन?"

हरिहरपंतांनी माझ्याकडे पाहिले. मी उठलो.

ती म्हणाली, "बाजारात वडारीण भेटली मना. तिचा घोव बोलला व्हता, एका लिवनाऱ्यानं गाढवाचा दगड वढाया लावला. त्यो लिवनारा तूच ना?"

मी म्हटले, "बाई, तुमची काहीतरी चूक होते आहे."

"मग ती वडारीण कुठं हाय आता?"

"मला काय माहीत?"

"मनापन नाय माहीत! गेली घाटावर." तिचा आवाज चढला नाही. "माजा भाव गेला. नवऱ्यानंच मारला, मी काय त्याची आरती वोवाळाया आली नाय. पन त्यो येडा न्हवता. दगड हलवलेला बघून त्याचं डोसकं फिरलं, आन तू सांगतंस दगड हललाच नाय. भावाला मी जाळलाय. आता यालापन जाळाया लावतंस?"

ओट्याच्या कडेला दाराला लावायचा दगड होता. तिने तो उचलून माझ्या डोक्यात घातला. पंतांनी आणि शिपायाने तिला केसांना धरून पायऱ्यांवरून खाली ओढले. शिपाई तिच्या पाठीत लाथा घालीत होता. माझ्या डोळ्यांत रक्त उतरले होते. मी त्याला थांब म्हटले नाही. हेही लिहून ठेवतो.

जखम शिवली. तीन दिवस ज्वर होता. चौथ्या दिवशी मी ठाण्यास काळुरामाच्या वकिलाकडे जाऊन सर्व सांगितले. ते म्हणाले, "तुमची पहिली साक्ष कागदावर आहे, नकाशा कागदावर आहे. आता उलट बोलाल तर करंजखोलने विकत घेतला म्हणतील. तुमच्याजवळ काय आहे?"

"मी माझ्या दाजींना पत्र लिहिले होते."

"आणा."

"ते मीच जाळायला लावले."

ते हसले नाहीत. हसले असते तर बरे वाटले असते.

म्हणून आता दुसरी मागणी करतो, आणि ही पहिलीपेक्षा वाईट आहे. खटला तारीख तीन मेला आहे. तुम्ही येऊन सांगा की असे पत्र आले होते आणि तुम्ही वाचले होते. ते का जाळले असे विचारतील. पुरावा नष्ट केला म्हणून तुम्हालाही धरतील, हे वकिलांनी मला स्पष्ट सांगितले. मी तुमच्या घरचा आहे असे म्हणण्याची सोय मी ओट्यावरून तोडली होती. तुम्ही आला नाहीत तर मी दोष देणार नाही. मी मात्र सांगणार, कोणी विश्वास ठेवो वा न ठेवो.

आणखी एक. तुमचे दगडाविषयीचे पत्र मला १० मार्चला मिळाले असे मी लिहिले होते. ते मला १ मार्चला मिळाले. शिवरात्रीला आठ दिवस होते. मी ते वाचले, मिठागरावरच्या माणसाला लेखाच्या दगडातले काय कळते असे म्हणालो, आणि घडी करून मापाच्या वहीत ठेवले. आठ दिवसांत मी दहा माणसे गोळा करून तो दगड परत नेऊ शकलो असतो.

राघो

•

ठाणे जेल
ता. ६ जून १८८०

दाजी,

हे पत्र जेलचे कारकून वाचून पाठवतील, म्हणून बेताने लिहितो. माझ्यावर खोट्या साक्षीचा खटला होऊन एक वर्ष सक्तमजुरी झाली, हे तुम्हाला कळले असेल. तुम्ही काळुरामाच्या खटल्यात साक्ष देऊन माझ्याकडे न पाहता खाली उतरलात, म्हणून पुढचे सांगायचे राहिले आहे.

आधी तुमचे. सरकारी वकिलांनी तुम्हाला विचारले की नाहीशा झालेल्या पत्रात काय होते हे तुम्ही कसे सांगणार, तेव्हा माझी मान खाली होती. तुम्ही "अक्षरावरून ओळखाल" येथून सुरुवात केलीत आणि चामुंडा, विंचू, तीन इंच मुंडके, सावलीत फाटलेला कागद, सोळा हात पूर्वेला, असे सारे शेवटपर्यंत म्हणालात. ओट्यावरचे बोलणेही गाळले नाहीत. जज्जांनी मला निराळ्या खोलीत बसवून तेच लिहायला लावले आणि दोन्ही ताडून पाहिले. मग शिरस्तेदारामार्फत तुम्हाला विचारले, आगरी माणसाला एवढे पाठ कसे? तुम्ही म्हणालात, "चार वर्षांत येकच पत्र आल्तं, सायेब. बायको रोज वाचाया लावायची." तुम्हाला ताकीद देऊन सोडले, एवढे मी ऐकले आणि मला खाली नेले.

काळुरामाची फाशी गेली. दगड खरोखर हलवलेला होता, त्याने ठरवून मारले नाही, असे जज्जांनी धरले. जन्मठेप, काळे पाणी. निकालाला शकू बाहेर पायऱ्यांवर होती, हे मला वकिलांकडून कळले. वकिलांनी तिला सांगितले की नवरा वाचला. तिने विचारले, कधी येणार? ते म्हणाले, यायचा नाही. ती म्हणाली, "मग वाचला कसा?" तिला माघारी कोणत्या गावाने घेतले ते मला कळले नाही.

जहाज येईपर्यंत काळुरामाला याच तुरुंगात ठेवले होते. त्याच्या पायांत बेडी होती. माझे काम जात्यावर आहे. गेल्या मंगळवारी सकाळी दळण संपवून आम्ही हौदावर गेलो, तेव्हा तो तेथे पाणी पीत होता. कोणीतरी त्याला सांगितले, हाच तो नकाशावाला. मला वाटले, तो काही म्हणेल. आभार मानील असे नाही, तेवढा मी खुळा नाही. पण मनात काय होते ते आता लपवून उपयोग नाही. मी त्याला वाचवले, असे माझ्या मनात होते.

त्याने हातातले लोखंडी टमरेल माझ्या तोंडावर मारले. मी पडल्यावर बेडीसकट छातीवर गुडघा दिला आणि आणखी तीन वेळा मारले. पुढचे दोन दात गेले, एक ओठात रुतला होता. मग तो दमला आणि माझ्याजवळच बसला. त्याचा आवाज हळू होता, शेजारी बसून बोलावे तसा.

"गोविंदा आन घेत व्हता," तो म्हणाला. "आयेची आन, दाजी, आमी नाय हलवला. मी बोललो, चोर तो चोर, वर आयेची खोटी आन घेतो, म्हून तोंडावरच घातला. बायकोचा भाव. लग्नात माजा कान पिळला व्हता त्यानं. मना फाशी दिली असती तं काय झालं असतं? गावचं पानी राखलं, चोर मारला, येवढं घेऊन गेलो असतो. तू आलास आन कोर्टात सांगितलंस, त्यो खरं बोलत व्हता." त्याने माझे तोंड हाताने आपल्याकडे वळवले. "आता मना तिकडं किती वर्सं जगाया लावशील रे?"

शिपाई धावत आला. काळुराम उठला नाही, टमरेल हातातच होते. शिपायाने मला विचारले, कोणी मारले? मार खाताना पाहिलेले दहा कैदी हौदावर उभे होते. मी म्हटले, पाय घसरून पडलो.

काळुरामाला परवा बंदरावर नेले. दाजी, कोर्टाच्या हिशेबी नाही, पण माझ्या हिशेबी ही माझी दुसरी खोटी साक्ष. ही मी मागे घेणार नाही. कारकुनांनी हे वाचले आणि मला पुन्हा विचारले, तर पुन्हा हेच सांगेन.

राघो